नुसती दर्शनी भिंत राखली म्हणजे रस्ता राखला का?

(चौघांची चर्चा. मजकुराच्या वर येणारं नाव हे बोलणाऱ्याचं टोपणनाव.)

उंबरठा

जुन्या रस्त्यावरची इमारत आतून पूर्ण पाडायची, रस्त्याकडची भिंत तेवढी टेकू लावून उभी ठेवायची आणि तिच्या पाठीशी नवी काँक्रीटची इमारत चढवायची. ‘वारसाही राहिला, जागाही मिळाली’ म्हणून ही पद्धत ठिकठिकाणी मंजूर होते. माझं म्हणणं, याला परवानगी देऊच नये. एक तर इमारत दुरुस्त करून वापरा, नाहीतर सरळ नवी बांधा.

कारण खिडकीत दिसतं. समजा जुना मजला ४.२ मीटर उंच. तळमजला धरून तीन मजले म्हणजे १२.६ मीटर. तेवढ्याच उंचीत ३.१५ मीटरचे चार मजले बसतात, आणि जागा मिळते म्हटल्यावर ते बसवले जातातच. आता जुन्या पहिल्या मजल्याची खिडकी बघा: तळ जमिनीपासून ५ मीटरवर, माथा ७.४ वर. नवा स्लॅब येतो ६.३ वर, म्हणजे खिडकीच्या पोटातून. त्यावरची खिडकी ९.२ ला सुरू होते आणि स्लॅब ९.४५ ला. मग काचेला आतून काळा रंग किंवा पत्रा लावतात. रात्री खालून चालणाऱ्याला ते लगेच कळतं: एकाच खिडकीत वर एक दिवा, खाली दुसरा, मधे काळा पट्टा.

इकोमॉस या वारसा-जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९८७च्या वॉशिंग्टन सनदेत ऐतिहासिक शहरात काय जपायचं याची यादी आहे. तिची सुरुवातच भूखंड आणि रस्ते यांच्या रचनेपासून होते, आणि इमारतींचं रूप म्हणताना आतलं आणि बाहेरचं, दोन्ही म्हटलं आहे. या पद्धतीत आतलं तर जातंच, आणि बहुतेक वेळा शेजारचे भूखंडही एकत्र होऊन जातात.

ओळंबा

खिडकीचा हिशोब मान्य. पण तो दोष स्लॅबची पातळी ठरवणाऱ्याचा. पातळ्या जुन्याच ठेवा अशी अट परवानगीत घातली की प्रश्न मिटला. त्यासाठी सरसकट बंदी कशाला?

भिंत राखणं हे नीट जमणारं काम आहे, फक्त क्रम पाळावा लागतो. आधी पायापाशी खड्डे घेऊन पाया किती खोल ते बघायचं, भिंत ओळंब्यातून किती कलली आहे आणि तुळया कुठे टेकल्या आहेत ते नोंदवायचं. मग पोलादी सांगाडा. भिंतीच्या दोन्ही अंगांना आडवे गर्डर, खिडक्यांच्या पोकळीतून एकमेकांना आवळलेले, पोलाद आणि दगड यांच्यामधे लाकडी फळ्या. सांगाड्याच्या बुडाशी काँक्रीटचे ठोकळे, कारण मजले काढल्यावर भिंतीवरचा भार जातो आणि वाऱ्याने ती उलथायला बघते. हे सगळं उभं झाल्याशिवाय आतली एकही तुळई काढायची नाही. काढताना वरून खाली, आणि भिंतीजवळची टोकं हाताने कापून. तिथे ब्रेकर (फोडायचं यंत्र) लावला की सांधे हादरतात.

नव्या पायासाठी भिंतीखाली खोदायचं झालं तर १ ते १.२ मीटरचे तुकडे पाडून, एकाआड एक. शेजारचे दोन तुकडे एकाच वेळी कधीही उघडे नकोत.

सर्वांत जास्त चूक होते ती शेवटी, भिंत नव्या इमारतीला जोडताना. जुनी भिंत कधीच बसून स्थिर झालेली असते. नवा सांगाडा मात्र भार आला की खचतो, काँक्रीट आकसतं. दोन्ही घट्ट बांधले तर खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघणारच. म्हणून स्टेनलेस स्टीलचे असे बांध घालायचे की भिंत बाहेर झुकणार नाही, पण वरखाली सरकायला मोकळीक राहील. स्लॅबची कड भिंतीला टेकवायची नाही, मधे मऊ सांधा.

उंबरठा

क्रम बरोबर आहे, पण तुम्ही भिंत एकसंध धरली आहे. जाड दगडी भिंत पुष्कळदा दोन पडद्यांची असते, बाहेर घडीव दगड, आत साधा, आणि पोटात चुन्यातली भर. तुमचे बांध आतल्या पडद्यात घट्ट बसतात, बाहेरचा पडदा मोकळाच राहतो. पोकळी भरायला दाबाने ग्राउट (पातळ कालवलेला मसाला) मारलं की बाहेरचा पडदा फुगतो. शिवाय बांधकाम चालू असताना भिंतीचा माथा उघडा असतो. एक पावसाळा तसा गेला तर पोटातला चुना धुऊन निघतो.

ओळंबा

ग्राउट चुन्याचं, पातळ, कमी दाबाने आणि खालून वर टप्प्याटप्प्याने. माथ्यावर पहिल्या दिवसापासून पत्रा. यातलं काहीच अवघड नाही. करत नाहीत, ही तक्रार मलाही मान्य आहे.

बिऱ्हाड

‘दुरुस्त करून वापरा’ हे लिहायला सोपं आहे. या इमारतींत लोक राहतात. लाकडी जिना एकच, तोच आगीत आधी पेटणार. तुळयांची भिंतीतली टोकं कुजलेली. मागच्या अंगाला नंतर जोडलेल्या संडासांचं पाणी वर्षानुवर्षं भिंतीत मुरतंय. रस्त्यावरून महिरपी बघणाऱ्याला आतली ओल दिसत नाही. दर्शनी भिंत राखून मागे दोन जिने, उजेड आणि कोरड्या भिंती असलेली घरं मिळत असतील तर विरोध कोणत्या तोंडाने करायचा?

आणि पोलंडमधल्या वॉर्साचं काय? जुनं गाव १९४४ मध्ये उद्ध्वस्त झालं. पुन्हा बांधताना दर्शनी भाग जुन्या चित्रांवरून आणि मोजणीच्या नकाशांवरून घडवले, आत आजच्या सोयीची घरं केली, चौकात दाटीने उठलेली बांधकामं मुद्दाम परत बांधली नाहीत, म्हणजे उजेड-वारा यावा. १९८० मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. जुना चेहरा आणि नवं घर, हेच तर ते!

उंबरठा

वॉर्सात जे उभं होतं ते पाडून हे केलं नाही, शहर युद्धात पाडलं गेलं होतं. हा फरक माझ्यासाठी निर्णायक आहे. उभी इमारत आपण होऊन पाडायची तर ब्रसेल्स आठवा. वास्तुरचनाकार व्हिक्टर ओर्ताचं लोकभवन १९६५ मध्ये उतरवलं, भाग पुन्हा जोडू म्हणून ठेवले, ते कधीच एकत्र उभे राहिले नाहीत. त्या जागी २६ मजली मनोरा आला.

राहणाऱ्यांचं दुःख खरं आहे, त्याला बगल देणार नाही. पण कुजलेल्या टोकासाठी इमारत पाडावी लागत नाही. कुजका भाग कापून निरोगी लाकडापर्यंत जायचं, पोलादी पट्ट्यांनी नवा तुकडा जोडायचा आणि भिंतीत बसणाऱ्या टोकाभोवती हवेची फट ठेवायची. टोक कुजण्यामागे गळक्या नळाखालोखाल मोठं कारण असतं बाहेरून मारलेलं सिमेंट. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि सांध्यांतून बाहेर सोडते. सांधे सिमेंटने बंद केले की ओल दगडातून वाट काढते. मग लोणा लागतो, दगडाचे पापुद्रे सुटतात आणि तुळईचं टोक ओलं राहतं. ते सिमेंट हाताने खरवडायचं, ग्राइंडर नाही. खोली सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिलिमीटर. धुऊन, ओलं करून, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू भरायची आणि काही दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायची. दुसरा जिना मागच्या अंगाला जोडता येतो.

वहिवाट

तुमचा सगळा वाद भिंतीवर चालला आहे. रस्त्याने चालणारा माणूस बघतो ते पहिले चार-पाच मीटर. तिथे काय आहे ते बोला.

सहा मीटर रुंदीचे सहा भूखंड घ्या. ३६ मीटरमधे निदान सहा दारं. सहाही एकत्र केले, वरच्या सहा दर्शनी भिंती अगदी ओळंबा म्हणतात तशा राखल्या, तरी खाली उरतं काय? लॉबीचं एक दार, गाड्यांसाठी सहा मीटरचं फाटक, ट्रान्सफॉर्मरची खोली, अग्निशमनाचे पंप आणि जाळ्या मारलेल्या जुन्या खिडक्या. डॅनिश नगररचनाकार यान गेल यांच्या वर्गवारीत जिवंत रस्त्याला १०० मीटरमागे १५ ते २० दारं लागतात. सहा मीटरच्या भूखंडाला एक दार धरलं की ते आपसूक मिळतं, एकत्रीकरणानंतर सहज तिनावर येतं.

याउलट फ्रँकफर्टच्या जुन्या गावातला, नव्याने उभारलेला डोम-रोमर भाग घ्या. खाली भूमिगत गाड्यातळ आहे. वर ३५ घरं, त्यांतली १५ जुन्या घरांच्या प्रतिकृती, बाकी नव्या रचनेची. २०१८ मध्ये तो भाग खुला झाला. प्रतिकृती असाव्यात का यावर वाद घाला, पण घरं लहान असल्याने चालताना दर काही पावलांवर काहीतरी बदलतं.

म्हणून नियम पाहिजेत ते असे: भूखंड कागदोपत्री एक झाले तरी जुन्या रुंदीगणिक रस्त्यावर उघडणारं एक दार सक्तीचं. इमारत रस्त्याच्या रेषेवरच, पुढे मोकळी जागा सोडून गाड्या लावायला मनाई. गाड्यांचा उतार मागच्या गल्लीतून. सलग कोरी भिंत किती मीटर चालेल त्याला कमाल मर्यादा. आणि पार्किंगची किमान सक्ती अशा रस्त्यांवर रद्द, कारण तळमजला गिळते ती तीच. उंचीही रस्त्याच्या रुंदीशी बांधता येते. पॅरिसच्या १८५९च्या नियमाने २० मीटर आणि त्याहून रुंद रस्त्यांवर कंगोऱ्याची (दर्शनी भिंतीच्या माथ्यावरच्या पुढे आलेल्या पट्टीची) उंची २० मीटरवर थांबवली, त्यावर छप्पर ४५ अंशांत मागे सरकवलं. रस्त्याला आकार आला तो या दोन रेघांनी.

बिऱ्हाड

पार्किंगची सक्ती रद्द केली तर गाड्या पदपथावर येतील. आणि कमी मजले बांधायचे तर नव्या घरांचा खर्च कोणी सोसायचा?

वहिवाट

पदपथाच्या कडेला खांब आणि वाटेत कमीतकमी १.८ मीटर मोकळं, ही अट त्याच नियमात हवी. खर्चासाठी न वापरलेला विकासहक्क, म्हणजे त्या जागेवर अजून जेवढं बांधता आलं असतं तेवढ्याचा हक्क, दुसऱ्या जागी विकू द्या. न्यूयॉर्कमध्ये ग्रँड सेंट्रल स्थानकावर मनोरा नाकारला तेव्हा हा मार्ग दिलेला होता, आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली. पण हक्क विकल्याचे पैसे आधी त्याच इमारतीच्या दुरुस्तीत गेले पाहिजेत, नाहीतर मालक पैसे घेतो आणि इमारत पडायची वाट बघतो.

ओळंबा

दारांचा मुद्दा पटला. उंबरठा यांना एक विचारतो: एकट्या भिंतीऐवजी पुढचा अख्खा गाळा राखला तर? पाच-सहा मीटर खोल, आडव्या भिंती, तुळया, छपराच्या आढ्यापर्यंत. ती पेटी स्वतःच्या बळावर बरीच उभी राहते, बाहेरचा सांगाडा हलका होतो, पदपथ कमी अडतो. मजल्यांच्या पातळ्या पुढच्या गाळ्यात जुन्याच, मागच्या नव्या भागात वेगळ्या, मधे चार-पाच पायऱ्या.

उंबरठा

ज्या इमारतीचा मागचा भाग खरोखर वाचवण्यासारखा नाही तिथे पुढचा गाळा मान्य, कारण खिडकीमागे निदान खोली राहते. पण मागचा भाग वाचत नाही हे पाडणाऱ्याने नेमलेल्या माणसाने ठरवायचं नाही. प्रत्येक तुळईचं टोक उघडून, क्रमांक घालून केलेली नोंद आधी जाहीर व्हावी. आणि तुमच्या त्या चार-पाच पायऱ्यांवरून चाकाची खुर्ची कशी जाणार? जुन्या-नव्या पातळ्यांवर थांबणारी, दोन्ही बाजूंना दार असलेली दुतोंडी लिफ्ट पहिल्या नकाशातच दाखवायला लावा. ती मागाहून आली तर तिच्यासाठी जुनीच भिंत फोडतात.