'सुटला' ही खूण लगेच नको

"उत्तर मिळालं की शंकावहीत, म्हणजे मुलं अडलेले प्रश्न लिहितात त्या वहीत, प्रश्नापुढे लगेच 'सुटला' लिहावं, शिकवणाऱ्यांचा वेळ वाचतो," असं काही जण म्हणतात. वेळ वाचतो हे खरंच. मी नागपुरात, महालात, दहावीच्या मुलांना गणित शिकवते. खुणा नसल्या की सुटलेल्याच शंका पुन्हा चाळत बसावं लागतं. पण त्यातला 'लगेच' मला पटत नाही.

परवाचंच उदाहरण. नागपूरहून वर्ध्याला जाताना वेग ताशी ४० किमी, परतताना ६०, तर सरासरी वेग किती? एका मुलीचं उत्तर ५० येत होतं, पुस्तकात ४८. मैत्रिणीनं सूत्र सांगितलं, ४८ आलं, हिनं खूण केली. मी विचारलं, "५० का नाही गं?" गप्प. मग अंतर १२० किमी धरायला लावलं (खरं अंतर कमी आहे, पण उत्तर अंतरावर अवलंबूनच नाही). जायला ३ तास, यायला २; ५ तासांत २४० किमी. "म्हणजे हळू वेगात गाडी जास्त वेळ असते!" हे ती स्वतः म्हणाली, तेव्हा तिची शंका सुटली.

म्हणून आमच्याकडे खूण दुसऱ्या दिवशी, वही न बघता गणित परत सोडवून करायची. तीही ज्याची शंका त्यानंच. शिकवणाऱ्यानं केली की मुलं संकोचानं पुन्हा विचारत नाहीत. शेजारी एका ओळीत नेमकं कुठे अडलं होतं तेही लिहायचं, आणि खूण खोडायची मुभा कायम ठेवायची.