मदत हवी आहे: व्हॉल्व्हच्या कामानंतर मानेवर आणि मनगटावर किरणोत्सारी कंटॅमिनेशन, चूक नेमकी कुठे झाली?

नमस्कार. अणुवीज केंद्रातल्या शटडाउनच्या कामांत मी फिटरांची टोळी सांभाळतो. नुकतंच प्रायमरी सर्किटवरचा (अणुभट्टीतून फिरणाऱ्या पाण्याच्या मार्गावरचा) एक व्हॉल्व्ह उघडून सीटचं लॅपिंग केलं, म्हणजे तिचा पृष्ठभाग घासून सपाट केला. काम चांगलं झालं, पण बाहेर पडताना आमच्या दोघांवर मॉनिटर वाजला. एकाच्या डाव्या मनगटावर, दुसऱ्याच्या मानेवर कानाच्या जरा खाली. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने दोनदा धुतल्यावर गेलं. होल बॉडी काउंटिंगमध्येही (पूर्ण शरीराच्या रेडिएशन मोजणीत) शरीरात काही आढळलं नाही. डोस नगण्य आहे असं हेल्थ फिजिक्सवाल्यांनी, म्हणजे रेडिएशन सुरक्षा बघणाऱ्यांनी, सांगितलं आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. तरी मला चैन पडत नाही. ही पोरं माझ्या शब्दावर आत जातात.

तयारीत कसर नव्हती. कामाभोवती प्लास्टिकचा तंबू, हेपा फिल्टरचा (बारीक कण अडवणारा) एक्झॉस्ट, दुहेरी कव्हरऑल, हूड, दुहेरी हातमोजे, मनगटाला टेप, फुल फेस रेस्पिरेटर, सगळं होतं.

हवेतल्या नैसर्गिक रेडॉन वायूमुळेही कपड्यांवर मॉनिटर वाजतो, ती शंका कुणी काढेल म्हणून आधीच सांगतो. काढून ठेवलेल्या कव्हरऑलच्या कॉलरचा काउंट (रेडिएशनची मोजणी) अर्ध्या तासाने पुन्हा घेतला, जराही उतरला नव्हता. रेडॉनचं असतं तर निम्म्याच्या आसपास आला असता. शिवाय गॅमा स्पेक्ट्रममध्ये ११७३ आणि १३३२ केइव्हीची जोडी स्पष्ट दिसली, म्हणजे कोबाल्ट-६०. सीट स्टेलाइटची, म्हणजे कोबाल्टच्या मिश्रधातूची, आहे, त्यामुळे नवल नाही. पण त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. वाट पाहून तो जाणार नाही, तो अंगावर येऊच द्यायचा नाही.

मला खटकते ती एक गोष्ट. व्हॉल्व्ह उघडला तेव्हा आतून ओला होता. लॅपिंग प्लेट बदलायला काम दीड तास थांबलं, तेवढ्यात तो सुकला. नंतर स्वाइप घेतला, म्हणजे कापडाने पुसून नमुना घेतला, तर कापडावर काजळीसारखी बारीक काळपट पूड आली. उघडल्या उघडल्या घेतलेल्या स्वाइपवर नुसता ओला डाग होता.

तर मानेवर पोचलं ते या पुडीमुळे, की कपडे काढताना? पुढच्या आठवड्यात असाच दुसरा व्हॉल्व्ह आहे, त्याआधी उत्तर हवंय. अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १:
सुकणं हेच मूळ वाटतं. ओलं असतं तोवर ते पृष्ठभागाला धरून राहतं. सुकलं की घासताना उडतं आणि तंबूतल्या प्रत्येक वस्तूवर बसतं, तुमच्या हूडवरही. काम थांबलं की फवारणीच्या बाटलीने ओलं ठेवा, वर ओलं फडकं टाकून प्लास्टिकने झाका. पाणी डिमिनरलाइज्डच (क्षार काढलेलं) वापरा, क्लोराइड स्टेनलेस स्टीलला घातक असतं. एक्झॉस्टचं तोंड कामापासून किती लांब होतं? वीतभर अंतरावर असेल तर पूड उचलेल. तंबूच्या कोपऱ्यात असेल तर ती माणसाच्या तोंडासमोरून जाते. आणि घाम विसरू नका. सुती कव्हरऑल घामाने भिजलं की बाहेरचं कंटॅमिनेशन आत झिरपतं, म्हणून पाळ्या छोट्या ठेवा.

प्रतिसाद २:
पूड उडाली हे मान्य, पण कानाखालची जागा वाचून मला कपडे काढण्याचाच संशय येतो. रेस्पिरेटरचा पट्टा तिथूनच जातो. आमच्याकडचा क्रम असा: टेप, बाहेरचे हातमोजे, मग हूड पुढून मागे उलटत, त्यानंतर रेस्पिरेटर, मग कव्हरऑल आतली बाजू बाहेर करत गुंडाळून. दमलेला माणूस घाईत आधी पट्ट्याला हात घालतो, तेव्हा बाहेरचे हातमोजे हातातच असतात. मनगटाचं कारण बहुधा टेप. टोक सापडत नाही म्हणून नखाने खरवडतात आणि हातमोज्याची कड त्वचेला लागते. टेप लावतानाच टोक दुमडून ठेवा. साध्या खोलीत, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकणारी पूड हातमोज्यांना लावून एकदा कपडे काढायला लावा. दिसेल ते दिसेल.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. काल ती पूड लावून सराव घेतला. दिवे बंद केले आणि सगळेच गप्प झाले. सहाजणांपैकी चौघांच्या कानाखाली बोटभर हिरवट पट्टा चमकत होता, अगदी पट्ट्याच्या बकलाजवळ. ज्याच्या मानेवर सापडलं होतं तो आरशात बराच वेळ बघत राहिला. मग स्वतःहून म्हणाला, साहेब, पुन्हा करू. तिसऱ्या फेरीत पट्टा कुणाच्याच मानेवर नव्हता, एकाच्या मनगटावर मात्र ठिपका राहिला. टेपची टोकं आता दुमडतोय. एक्झॉस्टचं तोंड खरंच कोपऱ्यात होतं, तेही सीटजवळ आणतोय.

एक राहिलं. स्टेप ऑफ पॅडपाशी (कंटॅमिनेटेड भागातून बाहेर पाऊल टाकायच्या जागी) टेप काढून द्यायला वेगळा मदतनीस उभा करावा का? केला तर त्याचे हातमोजे प्रत्येक माणसामागे बदलायचे, की मध्ये फ्रिस्किंग करून (हातातल्या मॉनिटरने तपासून) चालेल?