मदत हवी आहे: पॅसिव्ह सॅम्पलरचे आकडे कायदेशीर मर्यादेशी कसे ताडायचे?

नमस्कार मंडळी,

मी नदीच्या पाण्यातली कीटकनाशकं-तणनाशकं तपासते. सध्याची पद्धत म्हणजे ठरल्या तारखेला काठावर जायचं, बाटली भरायची आणि तेवढीच तपासायची. पण फवारणीनंतर पाऊस पडला की तणनाशकाचा लोंढा येतो आणि दोन दिवसांत ओसरतोही. बाटली भरली जाते ती त्यानंतर. अहवालात नदी साफ, आणि पाण्यातल्या जिवांनी जे सोसलं त्याची कुठे नोंदच नाही. हे मला फार खुपतं.

म्हणून पॅसिव्ह सॅम्पलर लावायचा विचार आहे. तो दोन-चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवला की विरघळलेली रसायनं त्यात हळूहळू मुरत जातात. जमलेल्या वजनावरून त्या काळातली सरासरी काढता येते. आयएसओ ५६६७ मालिकेचा २३वा भाग २०११ पासून याच विषयावर आहे, म्हणजे तंत्राला आधार नाही असं नाही.

घोडं अडलंय ते नियमांपाशी. युरोपीय संघाच्या मर्यादा समोर धरून लिहिते, कारण त्यांत सगळं नीट मांडलेलं आहे. सेंद्रिय रसायनांची मर्यादा तिथे अख्ख्या पाण्यासाठी आहे, गाळाला चिकटलेलं धरून. सॅम्पलर मात्र विरघळलेलंच पकडतो. मग तुलना कशी करायची?

त्याहून जास्त छळतो तो सॅम्पलिंग रेट, म्हणजे सॅम्पलर दिवसाला किती लिटर पाण्यातलं रसायन पकडतो तो आकडा. डाययुरॉन या तणनाशकाची वार्षिक सरासरी मर्यादा लिटरला ०.२ मायक्रोग्रॅम आहे. समजा पॉसिस (पाण्यात सहज विरघळणाऱ्या रसायनांसाठीचा पॅसिव्ह सॅम्पलर) १४ दिवस ठेवला आणि त्यात ५६० नॅनोग्रॅम सापडलं. रेट दिवसाला ०.२ लिटर धरला तर २.८ लिटर पाण्यातलं डाययुरॉन पकडलं गेलं, म्हणजे लिटरला २०० नॅनोग्रॅम. बरोब्बर मर्यादेवर! पण पाणी संथ असल्याने खरा रेट ०.१ असेल तर उत्तर दुप्पट, आणि ०.४ असेल तर निम्मं. युरोपीय संघाचा २००९/९० हा निर्देश मर्यादेच्या पातळीला जास्तीत जास्त ५० टक्के अनिश्चितता चालवून घेतो. उद्या कुणी आक्षेप घेतला तर मी काय उत्तर देणार?

शिवाय सॅम्पलरवर शेवाळ साचतं, त्याचा हिशेब कसा करता? नियामकापुढे असे आकडे ज्यांनी मांडलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

ताई, डाययुरॉनच्या बाबतीत सॅम्पलरच्या एकट्या आकड्यावर उल्लंघन ठरवायला जाऊ नका, ते टिकणार नाही. ठिकाणं निवडायला वापरा. रेटमधली चूक दुपटीची धरूनही आकडा मर्यादेच्या खूप खाली येत असेल, तर तिथल्या बाटल्या कमी करा आणि वाचलेला खर्च जिथे आकडा मर्यादेजवळ घुटमळतोय तिथे लावा. अशा ठिकाणी पाऊस सुरू होताच आपोआप नमुने घेणारं यंत्र बसवा. निर्णय त्या नमुन्यांवर होऊ द्या.

दुसरं, कमाल मर्यादा, म्हणजे एकदाही ओलांडायची नाही ती पातळी, विसरू नका. डाययुरॉनची ती १.८ मायक्रोग्रॅम आहे. एकच दिवस २.१ आलं आणि उरलेले तेरा दिवस काहीच नाही, तर १४ दिवसांची सरासरी ०.१५ येते. सरासरीत पास, आणि कमाल मर्यादा तर ओलांडलेली. लोंढा येऊन गेला एवढं सॅम्पलर सांगेल, त्याची उंची सांगणार नाही.

गाळाची शंका डाययुरॉनपुरती फारशी छळणार नाही, ते बहुतांश विरघळलेलंच असतं. सायपरमेथ्रिन या कीटकनाशकासारखं पाण्यापासून पळणारं, गाळाला चिकटणारं रसायन असेल तर मात्र तरंगता गाळ आणि त्यातला सेंद्रिय कार्बन सोबत मोजा, आणि चिकटलेला वाटा हिशेबाने मिळवा.

पण सॅम्पलरची खरी गरज अशाच रसायनांना आहे. सायपरमेथ्रिनची सरासरी मर्यादा लिटरला ०.०८ नॅनोग्रॅम, आणि मोजणीची पोच तिच्या ३० टक्क्यांपर्यंत हवी. लिटरभर पाण्यातून ते काढताना यंत्राचा कस लागतो. अशा रसायनांसाठी सॅम्पलर म्हणून सिलिकॉन रबरची पट्टी वापरतात, तिचा रेट दिवसाला ५ लिटर असेल तर २८ दिवसांत १४० लिटर पाण्यातला माल तिच्यात येतो. म्हणजे मर्यादेवरच्या पाण्यातसुद्धा ११ नॅनोग्रॅम हाती लागेल.

शेवाळाचं उत्तरही इथेच आहे. पट्टी लावण्याआधी तिच्यात नदीत न आढळणारी, ड्युटेरियम (जड हायड्रोजन) घातलेली संयुगं मुरवून ठेवतात. परत आणल्यावर त्यातली किती निघून गेली हे मोजलं की त्या जागी, त्या प्रवाहात, त्या शेवाळासकट प्रत्यक्ष रेट किती होता ते कळतं. पॉसिसमध्ये ही युक्ती भरवशाने चालत नाही, म्हणून तिथली अनिश्चितता मोठीच राहते.

प्रश्नकर्ती

खूप आभार! विरघळणारी आणि गाळाला चिकटणारी अशा दोन्ही गटांसाठी एकच पद्धत चालवायला बघत होते, ते आता सोडते. आणखी एक विचारू का? पाण्याची पातळी उतरली आणि सॅम्पलर उघडा पडला तर त्याचा आकडा वापरता येतो का?

प्रतिसाद

नाही. हवेतूनही तो रसायनं शोषतो. खुंटीला बांधण्याऐवजी तरंगणाऱ्या बोयाखाली टांगा, म्हणजे पातळीबरोबर खाली-वर होईल आणि गाळात रुतणार नाही. शेजारी तापमान नोंदवणारा लॉगर ठेवा. उघडा पडला की दिवसरात्रीची चढउतार एकदम वाढलेली दिसते. आणि लावताना-काढताना एक कोरा सॅम्पलर तेवढाच वेळ काठावर उघडा ठेवायचा, त्यात जे सापडेल ते हवेतलं आणि हाताळणीतलं. अहवालात आकड्यापुढे ‘विरघळलेली, काळाची सरासरी’ असं स्पष्ट लिहा. बाटलीच्या आकड्यांच्या रकान्यात तो मिसळू नका.