माकडांची टोळी निवांत बघायची आहे: कुठे बसावं, काय न्यावं?

उंबरफूल:
उष्णकटिबंधातल्या सदाहरित जंगलात मुक्काम ठरतोय. माकडं दिसतीलच, पण नुसती हलणारी फांदी आणि लोंबणारी शेपटी बघून परतायचं नाहीये. कोण कोणाची आई, कोणाचं कोणाशी पटतं, एवढं कळेपर्यंत एकच टोळी बघायची आहे. दुर्बीण कुठली घ्यावी? टोळीमागे फिरावं की एका जागी बसावं? मोठा कॅमेरा नेऊ का?

रातवा:
बसा. मागे लागलात तर टोळी शेंड्यांवरून निघून जाते आणि आपण खाली वेलींत अडकतो. वड-उंबराच्या जातीचं फळांनी लगडलेलं झाड शोधा. ही झाडं एकाच हंगामात फळत नाहीत, त्यामुळे बाकी जंगलात फळांचा दुष्काळ असला तरी यातलं एखादं पिकलेलं सापडतं. टोळी त्याच झाडावर पुन्हा पुन्हा येते.
दुर्बीण ८×४२, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. दहा पटीची हातात थरथरते, आणि दाट सावलीत उजेड जास्त घेणारी भिंगंच कामाला येतात.
सगळे पहाटेचं सांगतील. हाउलर माकडांचा आवाज ऐकायचा तर पहाटच, तो दोन-अडीच किलोमीटर सहज पोचतो. पण नाती बघायची तर दुपार. पोट भरलं की टोळी विसावते आणि एकमेकांचे केस विंचरत बसते. मकाक जातींत (लालतोंडी माकडं त्यातलीच) माद्या जन्मभर आपल्याच टोळीत राहतात, नर वयात आले की बाहेर पडतात. म्हणून तिथे शेजारी बसलेल्या माद्या बहुधा मायलेकी किंवा बहिणी असतात.

पायवाट:
झाडाखाली बसण्याचा सल्ला बरोबर, पण नवखा माणूस दिसला की बुजरी टोळी खाली उतरतच नाही, धोक्याची हाक देऊन पसार होते. त्यापेक्षा संशोधकांनी वर्षानुवर्षं मागे राहून माणसांची सवय लावलेली टोळी आणि तिथला वाटाड्या गाठा. खाऊ टाकून सरावलेली मात्र नको. तिथे दिसते ती हिसकाहिसकी, कुटुंब नाही.
डोळ्यांत डोळे घालून बघू नका, मकाकांना ती धमकी वाटते. जांभई दिली म्हणजे झोप आली असं नाही, बऱ्याचदा ते सुळे दाखवणं असतं. अंतर दहा मीटर तरी ठेवा. आणि सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका, आपले श्वसनाचे आजार त्यांना लागतात.

उंबरफूल:
दोघांचेही आभार. पण सगळी सारखीच दिसतात, ओळखायची कशी?

रातवा:
फाटका कान, वाकडं बोट, शेपटीचं तुटलेलं टोक. वहीत चेहऱ्याचं रेखाटन करा, कितीही वेडंवाकडं आलं तरी चालेल. मग एकच प्राणी दहा मिनिटं बघायचा, बाकी काहीही घडो. माकडांच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली निरीक्षणाच्या पद्धतींवर जो लेख लिहिला, त्यात ही रीत नीट मांडली आहे. नाहीतर नजर भांडणांकडेच धावते आणि टोळी आहे त्यापेक्षा भांडखोर वाटते.

पायवाट:
पिल्लांचा रंगही बघा. आफ्रिकेतल्या काळ्या-पांढऱ्या ग्वेरेझा कोलोबस माकडाचं नवजात पिल्लू पांढरंशुभ्र असतं, कित्येक पानखाऊ माकडांचं नारिंगी. अशी पिल्लं माद्या एकमेकींकडे सांभाळायलाही देतात, तेव्हा जिच्या कुशीत पिल्लू तीच आई असं लिहून मोकळं होऊ नका. दूध पाजताना दिसली की मग लिहा. दक्षिण अमेरिकेतल्या टीटी माकडांत तर पिल्लू बहुतेक वेळ बापाच्याच पाठीवर असतं.
कॅमेरा न्या, पण सुरुवातीला खोलीवरच ठेवा.