प्रतिसाद: मग गोव्याचं काय?
गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने का चालतात, यावर 'इंग्रज होते तिथे डावी बाजू' असं कुणी म्हटलंय. अर्धंच खरं. आमच्या सिंधुदुर्गातल्या बांद्याला लागून गोवा, तिथे १९६१ पर्यंत पोर्तुगीज. पोर्तुगालने १९२८ साली उजवी बाजू धरली, पण गोवा आणि मोझांबिक डावीकडेच ठेवले, कारण शेजारी सगळे डावीकडचे. नाहीतर हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर रोज गोंधळ!

सामोआने तर २००९ साली उलट केलं, उजवीकडून डावीकडे आले. कारण काय, तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या जुन्या गाड्या स्वस्तात मिळाव्यात.

बाकी आमच्या आचऱ्याच्या रस्त्यावर समोरून एसटी आली की डावं-उजवं कसलं, दोन चाकं मुकाट्याने साइडपट्टीवर, आरसा गडग्याला (दगडी कुंपणाला) घासत.