तेल लावू नका, वाळूने शेका : आयुर्वेदातला ‘रोग’ नेमका असतो कुठे?

कृष्णाकाठ

गेल्या दिवाळीपासून आईची बोटं सकाळी वळत नाहीत. चहाच्या डब्याचं झाकण तिला उघडत नाही, भाकरी थापायला बसेपर्यंत अकरा वाजतात. दोन्ही मनगटं आणि बोटांची पेरं सुजलेली. आमच्याकडे सांधा दुखला की हात आधी तिळाच्या तेलाच्या बाटलीकडे जातो. पंधरा दिवस रोज रात्री चोळलं. सूज वाढली.

मग दोन दारं पाहिली. पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांनी रक्त तपासलं, अँटी-सीसीपी (संधिवाताच्या एका प्रकारात रक्तात वाढणारं प्रतिपिंड) भरपूर वाढलेलं निघालं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असं नाव दिलं आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट सुरू केली. (वार ठरवून घ्या, चुकूनही रोज नको, हे तीनदा बजावलं.) आठ दिवसांनी मावशीच्या आग्रहाखातर गावातल्या वैद्यबाईंकडे. त्यांनी बोटं सगळ्यात शेवटी पाहिली. आधी जीभ. मग प्रश्न : जेवता ते भूक लागते म्हणून की वेळ झाली म्हणून? तोंडाला चव आहे का? अंग जड वाटतं का? आणि मग, ‘‘तेल आजपासून बंद. वाळू तव्यावर तापवा, फडक्यात पुरचुंडी बांधा, कोरडं शेका. रात्री सुंठीच्या काढ्यातून एरंडेल. दही, उडीद आणि दुपारची झोप बंद. डॉक्टरांची गोळी मात्र सोडायची नाही.’’

तेल का नको, तर त्या म्हणाल्या, ‘‘नुसता वात असता तर तेलच दिलं असतं. इथे वाताला आम चिकटलाय. न पचलेलं काहीतरी वाटेत अडकलंय, त्यावर तेल म्हणजे चिकटावर आणखी चिकट.’’

हे डोक्यात बसलं आणि मी मुळातलं वाचायला घेतलं. सुश्रुताची निरोगी माणसाची व्याख्या बहुतेकांनी ऐकलेली असते : दोष (वात, पित्त, कफ) सम, अग्नी म्हणजे पचनशक्ती सम, धातू (रक्त, मांस, मेद वगैरे) आणि मल यांचं काम सुरळीत, आणि आत्मा, इंद्रियं, मन प्रसन्न. दुसरा जुना ग्रंथकार वाग्भट त्याहून आटोपशीर, ‘रोगस्तु दोषवैषम्यं दोषसाम्यमरोगता’ : दोष बिघडले की रोग, सम असले की आरोग्य. पण मला खरा धक्का चरकाने दिला. सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात तो म्हणतो, एखाद्या विकाराचं नाव सांगता आलं नाही तर वैद्याने लाजू नये, कारण सगळ्या विकारांना ठरलेली नावं नसतातच. तोच दोष कारण बदललं, जागा बदलली की निराळा रोग करतो. म्हणून काय बिघडलं, कुठे बिघडलं आणि कशामुळे, हे ओळखून उपचार करावा.

माझं मत असं, की आयुर्वेदाचा पाया आपण त्रिदोषात शोधतो ते चुकतं. पाया या प्रश्नात आहे : माणूस आत्ता कुठल्या अवस्थेत आहे? सांधा तोच, दुखणं तेच, पण एकाला तेल आणि दुसऱ्याला वाळू. बोला आता.

शंकासुर

बोलतो. वाग्भटाचं ते वाक्य उलटं वाचून बघा. रोग म्हणजे दोषवैषम्य. वैषम्य झालं हे कशावरून कळलं? रोग झाला यावरून. कुत्र्याने शेपूट पकडावं तसा हा प्रकार. ज्या सिद्धांताला कुठलंही निरीक्षण खोटं पाडू शकत नाही तो सिद्धांत नव्हे, पासोडी आहे, सगळ्यांवर पुरते.

ग्रीकांकडेही चार रस होते शरीरात. दोन हजार वर्षं युरोपने त्यावर रक्त काढलं, जुलाब दिले. १८५८ साली फिर्खो या जर्मन डॉक्टरने रोग पेशीत असतो म्हणून मांडलं आणि ते दुकान बंद झालं. आपलं अजून उघडं आहे.

आणि तुमच्या आईंना बरं वाटलं तर श्रेय कुणाचं? मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा-आठ आठवडे लागतातच. वाळू मधल्यामध्ये पाटील झाली.

लिंबूटिंबू

आमच्या आजीकडे रोग एकच : ‘उष्णता’. तोंड आलं, उष्णता. डोळे लाल, उष्णता. परीक्षेत नापास झालो तेव्हाही सब्जा भिजत घातला होता.

सुंठसाखर

लिंबूटिंबू, हसले, पण इथेच गोंधळाचं मूळ आहे. मराठीत आपण छातीत जळजळलं की ‘पित्त झालं’ म्हणतो, डोकं ठणकलं की ‘पित्ताने डोकं चढलं’, आणि अंगावर गांधी आल्या की ‘पित्त उठलं’ म्हणून आमसुलाचं पाणी लावतो. तीन वेगळ्या गोष्टी, शब्द एक. त्या गांधींना ग्रंथात शीतपित्त म्हणतात आणि त्याची सुरुवात गार वाऱ्याने, कफ-वाताने होते असं सांगितलंय. म्हणजे नावात पित्त असूनही पित्त तिथे मागून येणारं. बोलीतले दोष आणि शास्त्रातले दोष वेगळे ठेवले नाहीत तर वाद कधीच संपणार नाही.

शंकासुर, मी स्वतः बी.ए.एम.एस., अठरा वर्षं दवाखाना चालवते. वर्तुळाचा मुद्दा नुसत्या व्याख्येपुरता खरा आहे. पण रोग्यासमोर व्याख्या वापरत नाहीत, अवस्था वापरतात. सुश्रुताने सहा पायऱ्या सांगितल्यात : संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती, भेद. तुमचा रोग, ज्याला नाव मिळतं तो, पाचव्या पायरीला उगवतो. त्याआधी चार पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीची लक्षणं वेगळी लिहिलेली आहेत. उदाहरण आपल्या हवेचंच घ्या. पावसाळ्यात पित्त साचतं, शरदात भडकतं. आपल्याकडे दसरा-कोजागिरीच्या सुमाराला, ज्याला हल्ली ऑक्टोबर हीट म्हणतात, तेव्हा माझ्याकडे तोंड येणं, अंगाची आग, नाकातून रक्त अशा तक्रारींची रांग लागते. शरद ही वैद्यांची आई आणि वसंत बाप, असं जुनं सुभाषित उगाच नाही. रोग होण्याआधी, भाद्रपदातच, मी ‘आंबट-तिखट कमी करा’ सांगते. यात वर्तुळ कुठे आहे?

कृष्णाकाठच्या आईंना आमवात म्हटलं जाईल. गंमत म्हणजे त्याचा स्वतंत्र अध्याय चरक-सुश्रुतात नाही, तो माधवनिदान या नंतरच्या ग्रंथात येतो. म्हणजे यादी वाढत गेली. पुढे भावप्रकाशात तर आमवाताला हत्ती आणि एरंडेलाला सिंह म्हटलंय! तुमच्या वैद्यबाईंनी मनाने काही काढलेलं नाही.

शंकासुर

ऑक्टोबरात ऊन वाढतं आणि अंगाची आग होते, हे सांगायला पित्त लागत नाही. थर्मामीटर पुरतो.

बाकी ज्या ग्रंथांवर एवढा विश्वास, त्यांना माणसाची हाडं मोजता आली नाहीत. चरक ३६० म्हणतो, सुश्रुत ३००. आहेत २०६. पाया असा असेल तर वरचे मजले कसले बघायचे?

सुंठसाखर

हाडांचा मुद्दा निघणारच होता. :) चरकाच्या आकड्यात ३२ दात, दातांच्या ३२ खोबण्या आणि २० नखं धरलीत. मोजणी वेगळी, कारण ‘हाड’ कशाला म्हणायचं तेच वेगळं. आणि सुश्रुत काय म्हणतो ते वाचा : वेदवादी ३६० सांगतात, पण शल्यतंत्रात ३००च. म्हणजे तो मान्यवरांशी उघड मतभेद नोंदवतोय. हाच माणूस सांगतो, की प्रेत गवताने गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या पाण्यात ठेवा. सात रात्रींनी बाहेर काढा आणि वाळा, केस, बांबू यांच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंत एकेक थर डोळ्यांनी पाहा. डोळ्याने पाहिलेलं आणि शास्त्रात वाचलेलं, दोन्ही मिळून ज्ञान वाढतं, हे त्याचं वाक्य. मला लाज ३६०ची वाटत नाही. लाज याची वाटते, की त्यानंतर आम्ही कुंचा खाली ठेवला आणि श्लोक हातात धरला.

आकडेमोड

मी औषधचाचण्यांच्या आकडेवारीत काम करतो. दोन्ही बाजूंना थोडं टोचतो.

आधी वैद्यांना. माझी प्रकृती, म्हणजे अंगात मुळात कुठल्या दोषाचा जोर आहे ते, मी तीन ठिकाणी विचारली. एकाने नाडी धरून वात-पित्त सांगितलं, दुसऱ्याने कागदावर चाळीस प्रश्न विचारून पित्त-कफ, आणि मोबाइलवरच्या एका अ‍ॅपने निखळ कफ (वर कफाचा चहाही विकायला काढला). मी तोच, आठवडाही तोच. मोजणारे आपसात जुळत नसतील तर मोजलेल्या गोष्टीबद्दल पुढे काही बोलताच येत नाही. जनुकं आणि प्रकृती यांचा संबंध लावणारे अभ्यास झालेत, त्यात पुण्यातलेही आहेत आणि मला ते रंजक वाटतात. पण त्या सगळ्यांत पहिली पायरी कुणीतरी प्रकृती ठरवण्याचीच असते. तिथेच पाट हलतोय. आणि नाडीचं म्हणाल तर ती चरकातही नाही, सुश्रुतातही नाही; ती शार्ङ्गधरापासून, म्हणजे बरीच उशिरा, दिसायला लागते. तरी जाहिरातीत ‘पाच हजार वर्षांची नाडीपरीक्षा’.

आता शंकासुरांना. ‘तपासताच येत नाही’ हे खरं नाही. याच रोगावर कोइमतूरला चाचणी झाली, २०११ साली प्रसिद्ध झाली. ४३ रोगी, तीन गट : एकाला मेथोट्रेक्सेट, एकाला आयुर्वेदिक औषधं, एकाला दोन्ही. आयुर्वेदाचं औषध रोग्यागणिक बदलायची वैद्यांना मोकळीक, आणि तरीही कुणाला खरं मिळतंय, कुणाला खोटं, हे रोग्यालाही माहीत नाही आणि वैद्यालाही नाही. ३६ आठवडे. तिन्ही गटांत सुधारणा साधारण सारखी. पण नाचू नका. ४३ जणांत ‘फरक दिसला नाही’ म्हणजे ‘फरक नाही’ असं होत नाही. मला त्यातून एवढंच घ्यायचंय, की अवस्थेनुसार औषध बदलणाऱ्या पद्धतीचीही आंधळी चाचणी करता येते. केली जात नाही, ही वेगळी गोष्ट.

न्यूजर्सीकर

इथे देशी दुकानात मसाल्यांच्या रांगेशेजारी चूर्णांची रांग असते. २००४ साली बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती, १४ मध्ये शिसं, पारा किंवा अर्सेनिक सापडलं. तेव्हापासून आमच्या डॉक्टरीणबाई ‘हर्बल काही घेतेस का’ हे आवर्जून विचारतात. तत्त्व वगैरे ठीक, पण माणूस पुडी विकत घेतो, तत्त्व नाही.

शंकासुर

न्यूजर्सीकर, +१. आणि लांब कशाला, २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रोग्यांना यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने लगेच ते फेटाळलं. मेथोट्रेक्सेटचा भारही यकृतावरच पडतो. कृष्णाकाठ, काढ्यात काय काय उकळताय ते पुण्याच्या डॉक्टरांना सांगितलंय का? हा वादाचा भाग नाही, खरंच विचारतोय.

कृष्णाकाठ

सांगितलंय. काढ्यात फक्त सुंठ, बाकी काही नाही. गोळीवर असल्यामुळे यकृताची तपासणी ठरलेली आहेच, ती चुकवत नाही. एरंडेल ऐकून ते हसले आणि म्हणाले, जुलाब होऊन पाणी कमी पडू देऊ नका.

श्रेयाबद्दल तुमचं मान्य. गोळीमुळेच असेल. पण एक गोष्ट गोळीच्या आधीची आहे : तेलाने सूज वाढली होती. ‘सांधेदुखी म्हणजे तेल’ हे आमच्या घरातलं वैद्यक चुकलं आणि ‘आम आहे, तेल नको’ हे त्यांचं बरोबर निघालं. एकच प्रसंग आहे, पुरावा नाही, हेही कळतं.

शंकासुर

पंधरा दिवसांत तो रोग आपसूकही वाढलाच असता. तेलावर आळ कशाला?

सुंठसाखर

बघा, हे मात्र तपासता येईल असं भांडण आहे. साम, म्हणजे आम चिकटलेल्या, सांध्यावर तेल लावून दुखणं वाढतं की नाही. वाढत नसेल तर आमची एक मोठी गोष्ट कोसळते, आणि ती कोसळू शकते हे मी लिहून देते. म्हणजे पासोडी नव्हे ना?

आमच्याच लोकांनी हे बोलायला सुरुवात केलीय. काशी हिंदू विद्यापीठात शरीरक्रिया शिकवणाऱ्या किशोर पटवर्धनांनी जाहीर लिहिलं, की जुन्या कल्पनांना ओढूनताणून आधुनिक अर्थ लावत आपण वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना शिकवत राहिलो ते चुकलं. आमच्या गटांमध्ये गदारोळ झाला. मला तो लेख वाचून हलकं वाटलं. रक्तापासून मांस, मांसापासून मेद, मेदापासून हाड अशी साखळी मीही परीक्षेत लिहून पास झालेय. ती शब्दशः खरी नाही. पण भूक, जीभ, जडपणा पाहून तेल द्यायचं की नाही ठरवणं ही दुसरी गोष्ट आहे, आणि ती साखळी गेली तरी जात नाही असा माझा अंदाज आहे.

शंकासुर

‘अंदाज’ हा शब्द आज पहिल्यांदा एका वैद्याकडून ऐकला. नोंद घेतली.

आकडेमोड

मग चाचणीच्याही आधीचं, स्वस्तातलं काम करा. वीस संधिवाताचे रोगी, दोन वैद्य, दोन वेगळ्या खोल्या. रोग्याने रिपोर्ट दाखवायचा नाही. दोघांनी फक्त एकच शब्द लिहायचा : साम की निराम (आम नसलेला). जुळतात किती ते मोजू. प्रकृतीच्या भानगडीत पडायचं नाही, ती पाट हलवते.

सुंठसाखर

चालेल. माझ्या दोन अटी. सगळ्यांना सकाळी, काही खायच्या आत तपासायचं. जेवणानंतर जीभ खोटं बोलते. आणि वैद्य एकाच गुरूचे चेले नकोत.

लिंबूटिंबू

दुसऱ्या अटीने निम्मे वैद्य बाद.

शंकासुर

जागा माझ्याकडे आहे, सांगलीत, दोन खोल्या. रोग्यांना उपाशी बोलावताय तर तपासणीनंतरचा नाश्ता माझ्याकडून. दही-उडीद नको ना? इडली कटाप. उपमा करतो.