जेलीचे जुने काचेचे साचे: कारखाना कसा ओळखायचा?

सुरंगी (वेंगुर्ला)
नमस्कार मंडळी. कौलं उतरवायची म्हणून माळा रिकामा केला, तर पितळी डब्यांमागे भाताच्या तुसात ठेवलेले काचेचे तीन साचे मिळाले. एक सशाचा, दोन गोल, आतून पन्हळीचे. पणजोबा मुंबईत साहेबाच्या बंगल्यावर बटलर होते, तिथूनच हे आले असं आजी सांगायची. जुन्या वस्तू घेणारा एक व्यापारी फोटो बघून "हे ओगल्यांचे" म्हणाला. विकायचे नाहीतच, पण कुणी बनवले ते नक्की कसं कळेल? आणि त्यात शहाळ्याचं चायना ग्रास लावलं तर चालेल का?

काजूगर (देवगड)
ओगलेवाडीच्या ओगले काच कारखान्याचेच असणार. आमच्या घरी त्यांचा प्रभाकर कंदील होता, त्याच्यावरून सांगतो.

माडाची_सावली (रत्नागिरी)
सुरंगीताई, घाईने नाव देऊ नका. आधी काच दाबून घडवलेली आहे का ते बघा. तापलेल्या काचेचा गोळा लोखंडी साच्यात टाकून वरून दट्ट्या दाबतात. बाहेरचा आकार साच्याचा, आतला दट्ट्याचा. त्यामुळे आत पन्हळी आणि बाहेर साफ गुळगुळीत, असं होऊ शकतं. साच्यात फुंकलेल्या काचेत आतला भाग बाहेरच्या नक्षीमागोमाग जातो. बाहेरून नख फिरवा, साच्याचे भाग जुळले तिथे बारीक उभी शीर लागेल. कुठे आखूड चुणी दिसली तर तडा समजून घाबरू नका. गोळा कात्रीने तोडताना काच तिथे आधी थंड होते, त्याची ती खूण असते.

मग उठावाच्या खुणा शोधा, आतून आणि बाहेरून. मोराचं डोकं असेल तर इंग्लंडमधल्या गेट्सहेडचे काच कारखानदार सॉवरबी. बुरुजातून वर आलेला अर्धा सिंह म्हणजे गेट्सहेडचेच डेव्हिडसन. कुऱ्हाड धरलेला सिंह संडरलंडच्या ग्रीनरांचा. शंकरपाळ्याच्या आकाराचं चिन्ह असेल तर ती १८४२ ते १८८३ मधली नमुन्याची ब्रिटिश नोंदणी, आणि वरच्या टोकाला रोमन तीन असेल तर वर्ग काचेचा. १८८४ पासून त्याऐवजी 'आरडी' अशी इंग्रजी अक्षरं आणि आकडा आला. तो १ पासून सुरू होऊन १९०० पर्यंत साडेतीन लाखांवर गेला, १९२० च्या सुमारास पावणेसात लाख, १९३० ला साडेसात लाख. मात्र ही तारीख नमुना नोंदवल्याची. तोच नमुना पुढे कितीही वर्षं निघत राहू शकतो, आणि नोंदवणारा कारखानदार नसून घाऊक व्यापारीही असू शकतो. मूळ नोंदवह्या लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत.

काजूगर, ओगले आणि तळेगावचा १९०८ चा पैसाफंड कारखाना यांनी स्वदेशी काच उभी केली, त्याचा मलाही फार अभिमान आहे. म्हणूनच काचेवर नाव दिसल्याशिवाय त्यांच्या खात्यावर काही चढवू नये असं वाटतं.

सुरंगी
सशाच्या बुडावर पातळ कागद धरून पेन्सिल घासली. 'आरडी', मग सहा आकडे. पहिले दोन ७ आणि ४, पुढचे झिजलेत. मोर, सिंह काही नाही. गोल साचे अगदी कोरे. एक आतून पांढुरका झालाय.

माडाची_सावली
वा, ससा विलायती नोंदणीचा निघाला! आजीचं म्हणणं याला जुळतंय. ७४ ने सुरू होणारे सहा आकडे म्हणजे १९२९ च्या आसपासची नोंद. म्हणजे साचा त्याच्या आधीचा नाही. अंधारात बॅटरी आडवी धरून उरलेले आकडे वाचा. पूर्ण आकडा मिळाला तरच नोंदणी कुणाची ते शोधता येईल. गोल साच्यांना "दाबकाच, कारखाना अज्ञात" अशीच चिठ्ठी लावा. नुसत्या पन्हळीवरून कारखाना ठरत नाही, पन्हळीचे साचे अनेकांनी काढले.

पांढुरक्या साच्यात थोडं व्हिनेगर घालून ठेवा. डाग उतरला तर पाण्याचा क्षार होता. नाही उतरला तर दमटपणामुळे काचेतला अल्कली बाहेर आलाय, तो घासून जात नाही. आता तुसात परत ठेवू नका, तूस ओल धरतं. कोरड्या फडताळात, एकात एक न घालता सुटे ठेवा.

कोकमआगळ (मालवण)
चायना ग्रास खुशाल लावा, पण उकळता ओतू नका. साधारण चाळीस अंशांच्या खाली तो धरायला लागतो, म्हणून हाताला सोसेल इतका निवला की लगेच ओता. खरवस वाफवायला मात्र हे साचे अजिबात वापरू नका. ताप सोसणारी पायरेक्स काच वेगळी, ग्रीनरांच्याच कारखान्यात पुढे जॉबलिंग कंपनीने १९२१ च्या परवान्यावर ती काढली. साध्या काचेला एकदम ताप लागला तर ती तडकते. आणि सशाच्या कानांत आधी चमचाभर ओतून साचा हलवा, तिथे हवा अडकली तर कान अर्धेच निघतात.